मुलगा पळण्यात मागे पडतो, पण पास सुरेख देतो: पिर्लोच्या कारकिर्दीतून काय घ्यावं?

तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो, पास डोळ्यांत भरण्यासारखे देतो, पण पळण्यात इतरांच्या मागे राहतो आणि म्हणून हल्ली बेंचवर बसतो. तुम्ही इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो याचं नाव काढलंत, तर 'पिर्लो लाखात एखादा असतो' असं सांगून विषय मिटवला गेला. वेग नसलेला हा माणूस जगज्जेता कसा झाला आणि त्यातलं काही शिकवता येतं का, असं तुम्ही विचारलं आहे. याच वयाच्या मुलांना मिडफिल्डचा खेळ शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि पिर्लोचे सामने मी शिकवताना नेहमी वापरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकवता येतं, आणि बरंच काही शिकवता येतं. मात्र 'प्रतिभा होती म्हणून जमलं' असं म्हणून त्याच्या कारकिर्दीकडे पाहिलं, तर हाती काहीच लागत नाही. प्रतिभा सोळाव्या वर्षीही होती. तरी एकविसाव्या वर्षी त्याचं पुढे काय होणार हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. मैदानावरची त्याची जागा बदलली आणि मग चित्र पालटलं.

पिर्लोचा जन्म 19 मे 1979 चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो गावातला. ब्रेशाच्याच क्लबमध्ये तो घडला आणि मे 1995 मध्ये, सोळावं वर्ष नुकतंच लागलेलं असताना, सेरी आ म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. त्याला पहिल्या संघात घेणारे प्रशिक्षक होते मिर्चा लुचेस्कू. तेव्हा तो दहा नंबरचा खेळाडू होता, म्हणजे स्ट्रायकरच्या पाठीमागे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ खेळणारा. 1998 मध्ये इंटर मिलानने त्याला घेतलं. त्या हंगामात इंटरने चार प्रशिक्षक बदलले आणि संघ आठवा आला. त्याच्या जागेवर रोबेर्तो बाज्जो, युरी जोर्काएफ, अल्वारो रेकोबा अशी रांग लागलेली. पुढचं वर्ष त्याने रेज्जिना या दक्षिणेतल्या छोट्या क्लबकडे उसनवारीवर काढलं आणि तिथे चांगला खेळला. 2000 मध्ये इटलीच्या 21 वर्षांखालील संघाने युरोपियन विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार तोच होता आणि अंतिम सामन्यात चेक प्रजासत्ताकाविरुद्धचे दोन्ही गोलही त्याचेच. तरीही इंटरमध्ये परतल्यावर पुन्हा बेंच.

तुमच्या मुलाला हा काळ जरूर सांगा. युरोपातला त्या वयाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मुलगा स्वतःच्या क्लबमध्ये बाकावर बसून होता, कारण दहा नंबरच्या जागेला जे लागतं ते त्याच्याकडे पुरेसं नव्हतं. तिथे चेंडू बहुतेक वेळा गोलकडे पाठ असताना मिळतो. बचावपटू हाताच्या अंतरावर असतो. वळून पहिल्या दोन-तीन पावलांत सुटलात तर सुटलात, नाहीतर चेंडू गेला. पिर्लोची ती पहिली पावलं साधारण होती आणि सरावाने ती फार बदलणारी नव्हती.

2001 च्या जानेवारीत इंटरने त्याला उरलेल्या हंगामापुरतं ब्रेशाला परत दिलं. तिथे दहा नंबरला आता बाज्जो होता आणि बाज्जोला हलवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रशिक्षक कार्लो माझ्झोने हे तेव्हा साठी उलटलेले, रोमचे, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी पिर्लोला बाहेर बसवलं नाही, वीसेक मीटर मागे आणलं आणि बचावफळीच्या अगदी पुढे उभं केलं. तिथून खेळ आखणाऱ्या खेळाडूला इटलीत रेजिस्ता म्हणतात. या जागेवर सगळं मैदान समोर दिसतं, चेंडू मिळताना तोंड पुढे असतं आणि सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी सात-आठ मीटरवर असतो. इथे पहिल्या तीन पावलांपेक्षा पहिला विचार किती लवकर होतो याला किंमत असते. 1 एप्रिल 2001 ला तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध त्याने अर्ध्या मैदानाजवळून बचावफळीच्या डोक्यावरून एक लांब चेंडू टाकला. बाज्जोने तो पळतापळता एका स्पर्शात खाली घेतला, त्याच स्पर्शात गोलरक्षक व्हान डेर सारला चकवलं आणि बरोबरीचा गोल केला. सगळे बाज्जोचा स्पर्श पाहतात आणि तो पाहण्यासारखाच आहे. मी मुलांना त्याआधीचा क्षण दाखवतो. बाज्जो पळायला लागतो आणि पिर्लोचा पाय चेंडूवर पडतो, या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. म्हणजे चेंडू येण्याआधीच त्याचं पाहून झालेलं होतं.

(त्याच वर्षी पिर्लो गेल्यावर ब्रेशाने त्या जागेवर पेप ग्वार्दिओलाला आणलं. माझ्झोनेंना त्या जागेचं मोल कळलं होतं हे यावरूनही दिसतं.)

2001 च्या उन्हाळ्यात इंटरने त्याला शहरातल्याच एसी मिलानला 35 अब्ज लिरांना विकलं. पहिले काही महिने तिथेही तो चाचपडत होता. नोव्हेंबरमध्ये कार्लो आन्चेलोत्ती प्रशिक्षक म्हणून आले. मागे खेळण्याची कल्पना पिर्लोने स्वतः त्यांच्यापुढे मांडली. आन्चेलोत्ती स्वतः मिडफिल्डर राहिलेले, त्यांना सुरुवातीला शंका होती, पण त्यांनी करून पाहिलं. पुढची दहा वर्षं मिलानचा खेळ पिर्लोच्या पायातून सुरू होत राहिला. दोन सेरी आ, 2003 आणि 2007 च्या दोन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. 2007 च्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्याच्या फ्री किकवर आला, चेंडू इन्झागीच्या अंगाला लागून आत गेला. मधल्या 2005 मध्ये इस्तंबूलला 3-0 अशी आघाडी घेऊन मिलान लिव्हरपूलकडून पेनल्टींवर हरला आणि पिर्लोची पेनल्टी डुडेकने अडवली. त्या रात्रीनंतर फुटबॉल सोडून द्यावं असं मनात आल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे.

विजेतेपदांच्या यादीत एक गोष्ट मात्र झाकून जाते आणि तुमच्या मुलाच्या दृष्टीने तीच कळीची आहे. पिर्लो तिथे एकटा उभा नव्हता. उजव्या हाताला जेन्नारो गात्तुसो होता, जो नव्वद मिनिटं चेंडू हिसकावत फिरायचा. डावीकडे क्लारेन्स सेडोर्फ, जो अडचणीतही चेंडू सांभाळून ठेवायचा. पुढे रुई कोस्टा आणि नंतर काका, म्हणजे पास द्यायला कायम कोणीतरी हजर. मागे माल्दिनी आणि नेस्टा, त्यामुळे पिर्लोकडून चेंडू सुटला तरी घात होत नसे. गात्तुसोची मेहनत बाजूला काढा आणि पिर्लोची कारकीर्द पुन्हा लिहून पाहा, ती इतकी उंच जात नाही. 'असा खेळाडू संघाला परवडत नाही' असं जेव्हा एखादा प्रशिक्षक म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्याकडे गात्तुसो नसतो, किंवा असूनही त्याला त्याने चुकीच्या जागी ठेवलेलं असतं.

आता 2006 च्या विश्वचषकाकडे येतो, कारण पिर्लो समजून घ्यायला तेवढा एक महिनासुद्धा पुरतो. घानाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात इटलीचा पहिला गोल त्याचा. अंतिम सामन्यात मातेराझ्झीने डोक्याने केलेल्या बरोबरीच्या गोलाचा कॉर्नर त्याचा आणि नंतर शूटआउटमधली इटलीची पहिली पेनल्टीही त्याचीच. सामनावीराचा मान त्याला त्या स्पर्धेत तीनदा मिळाला आणि त्यात अंतिम सामनाही होता. पण मला थांबायचं आहे ते 4 जुलैला डॉर्टमुंडमध्ये झालेल्या उपांत्य सामन्यावर.

समोर यजमान जर्मनी. 0-0. जादा वेळेचं 119 वं मिनिट. पेनल्टी शूटआउट समोर दिसतंय आणि जर्मनी शूटआउटमध्ये हरत नाही, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इटलीचा कॉर्नर जर्मनांनी बाहेर काढला आणि चेंडू पेनल्टी बॉक्सच्या कडेला पिर्लोकडे आला. त्या मिनिटाला शंभरातले नव्व्याण्णव खेळाडू मिळेल तिथून जोरात मारतात. पायात त्राण नसतं, डोक्यात रक्त चढलेलं असतं. पिर्लो बॉक्सच्या कडेने उजवीकडे सरकू लागला. एक छोटा स्पर्श, दुसरा, तिसरा. त्याने फटका मारण्याची शक्यता जिवंत ठेवली, म्हणून जर्मन खेळाडू त्याच्याकडे ओढले गेले. फटका अडवायला जो तो पुढे सरसावला आणि त्यांच्या पाठीमागे एक मोकळी जागा तयार झाली. तिथे फाबिओ ग्रोसो उभा होता, जो मुळात डावा बचावपटू. पिर्लोने त्याच्याकडे न पाहता दोन जर्मनांच्या मधून चेंडू सरकवला. ग्रोसोने डाव्या पायाने पहिल्याच स्पर्शात तो लांबच्या खांबाच्या बाजूने वळवून आत घातला. दोनेक मिनिटांत देल पिएरोने दुसरा गोल केला आणि इटली अंतिम फेरीत.

त्या पासमध्ये वेगाचा काही संबंध नाही. उलट पिर्लो जितका सावकाश सरकला, तितका जर्मन बचाव त्याच्याकडे ओढला गेला. प्रतिस्पर्ध्याला कुठे उभं करायचं हे तो ठरवत होता. मी हा तुकडा मुलांना दाखवतो तेव्हा चेंडू झाकून फक्त जर्मनीचे बचावपटू पाहायला सांगतो. ते का हलले, कोणाकडे हलले, त्यामुळे काय उघडं पडलं? पंधरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. एकदा कळलं की तो खेळ वेगळ्या नजरेने पाहायला लागतो.

पिर्लोच्या खेळातली फट कुठे होती, हेही सांगायला हवं. मार्च 2010 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी पार्क जी-संगला एकच काम दिलं: पिर्लोला सोडायचं नाही. पार्क त्याच्यामागे सावलीसारखा फिरला, मिलानचा खेळ सुरूच होईना आणि युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर 4-0 ने सामना जिंकला. सगळा खेळ एकाच पायातून सुरू होत असेल, तर त्या एका पायावर पाय ठेवणं सोपं असतं. पुढच्या हंगामात मिलानचे नवे प्रशिक्षक मास्सिमिलियानो अल्लेग्री यांना बचावफळीपुढे व्हान बोमेल किंवा अम्ब्रोसिनीसारखा दणकट खेळाडू हवा होता. त्यात पिर्लोला दुखापती झाल्या. मिलान लीग जिंकला, पण 32 वर्षांच्या पिर्लोला त्यांनी जाऊ दिलं आणि युव्हेंटसने त्याला एकही युरो शुल्क न देता घेतलं.

युव्हेंटस त्याआधी सलग दोन वर्षं सातवं आलं होतं. अँतोनिओ कोन्ते यांनी पिर्लोभोवती पुन्हा एकदा गात्तुसो-सेडोर्फसारखीच व्यवस्था उभी केली, आर्तुरो विदाल आणि क्लाउदिओ मार्किसिओ. शिवाय पार्कच्या कोड्याचं उत्तरही शोधलं: पिर्लोला कोणी चिकटलं, तर मागून लिओनार्दो बोनुच्चीने लांब पास टाकायचे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पिर्लोला बांधलं तरी खेळ अडत नव्हता. नव्या स्टेडियममधल्या लीगच्या पहिल्याच सामन्यात पार्माविरुद्ध त्याने बचावफळीवरून टाकलेल्या चेंडूवर लिश्टस्टाइनरने पहिला गोल केला. त्या 2011-12 च्या हंगामात युव्हेंटस 38 सामन्यांत एकदाही हरलं नाही, 23 विजय आणि 15 बरोबऱ्या. त्या हंगामापासूनच्या सलग चार विजेतेपदांत पिर्लो होता. 2012, 2013 आणि 2014 अशी तीन वर्षं इटलीतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. ज्या वयात वेगावर जगणारे खेळाडू उतरणीला लागतात, त्या वयात हे घडलं. 2014 मध्ये अल्लेग्री युव्हेंटसला आले आणि पिर्लो त्यांच्याही हाताखाली एक हंगाम खेळला. बर्लिनमधला 2015 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना युव्हेंटस बार्सिलोनाकडून 3-1 ने हरलं आणि त्यानंतर पिर्लोने युरोप सोडलं.

2012 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपियन देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडविरुद्धची त्याची ती हळुवार, गोलाच्या मध्यातून उचलून टाकलेली पेनल्टी सगळ्यांनी पाहिलेली असते. शूटआउटमध्ये इटली मागे होती, मोंतोलिवोची पेनल्टी वाया गेलेली होती आणि गोलरक्षक जो हार्ट रेषेवर हातवारे करत होता. पिर्लोने तो आधी एका बाजूला झेपावणार हे हेरलं. त्याच्या पाठोपाठ यंगचा फटका बारवर लागला, कोलचा इटलीचा गोलरक्षक बुफॉनने अडवला आणि इटली जिंकली. पण ती पेनल्टी दोन-तीन सेकंदांची आहे. त्याआधीची 120 मिनिटं अधिक मोलाची आहेत, कारण इंग्लंडने त्याला मोकळं सोडलं होतं आणि मोकळा पिर्लो काय करतो ते सबंध सामनाभर दिसतं. 1999 मध्ये इंटरला काही काळ त्याचे प्रशिक्षक असलेले रॉय हॉजसनच तेव्हा इंग्लंडचे प्रशिक्षक होते.

फ्री किकबद्दल थोडंसं. ती त्याला उपजत येत नव्हती. ल्योंचा ब्राझिलियन खेळाडू जुनिन्यो चेंडू हवेत डगमगत कसा नेतो, याचा त्याने व्हिडिओ पाहून पाहून अभ्यास केला, सरावात कित्येक चेंडू वाया घालवले आणि पायाच्या बोटांनी चेंडूच्या खालच्या भागाला कसं भिडायचं ते शोधून काढलं. म्हणजे त्याचं सर्वांत गाजलेलं अस्त्र शुद्ध घोकंपट्टीतून आलेलं आहे.

शेवटची वर्षं पटकन सांगतो. 2015 ते 2017 न्यू यॉर्क सिटी संघात तो खेळला. तिथला खेळ धावपळीचा, मधली फळी सारखी उघडी पडणारी, आणि आजूबाजूला गात्तुसो किंवा विदाल नाही. त्याचं तिथे फारसं जमलं नाही आणि 2016 च्या युरोसाठी कोन्तेंनीही त्याला निवडलं नाही. इटलीसाठी एकूण 116 सामने. पुढे 2020-21 मध्ये युव्हेंटसचा प्रशिक्षक म्हणून इटालियन चषक जिंकूनही लीगमध्ये चौथा आल्यामुळे त्याला जावं लागलं.

आता तुमच्या मुलाकडे. पंधराव्या वर्षी वेगावरून कोणाचं भवितव्य ठरवणं मला मान्य नाही. या वयात काही मुलांची उंची झपाट्याने वाढते आणि काही महिने पाय त्यांच्या ताब्यात नसतात. काहींची वाढ दोन वर्षं उशिरा होते आणि ती लवकर वाढलेल्या मुलांपुढे संथ दिसतात. मात्र पिर्लोचं नाव दमसास टाळण्यासाठी घेऊ देऊ नका. तो झटकन पळत नसे, पण नव्वद मिनिटं सतत जागा बदलत असे, आणि दमलेल्या माणसाला आजूबाजूला पाहण्याचंही सुचत नाही.

सरावात मी सर्वांत जास्त वेळ मान फिरवण्याला देतो. मुलाकडे पास येत असताना त्याच्या पाठीमागे तुम्ही उभे राहा आणि हाताची बोटं वर करा. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी त्याने मागे पाहून किती बोटं ते ओरडून सांगायचं. सुरुवातीला चेंडू निसटतो, काही आठवड्यांत सवय लागते. दुसरं, अंगाची ठेवण: पास घेताना सरळ चेंडूकडे तोंड न करता तिरकं उभं राहायचं आणि लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा, म्हणजे पहिल्या स्पर्शातच पुढे वळता येतं. तिसरं, दोन्ही पाय. चारजणांनी रिंगणात चेंडू फिरवायचा आणि मधल्या दोघांनी हिसकावायचा, हा खेळ जितका घेता येईल तितका घ्या, आणि प्रत्येकाला दोनच स्पर्शांची मुभा ठेवा. आपल्याकडची मैदानं पावसाळ्यानंतर उंचसखल होतात आणि चेंडू कसाही उडतो. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा सिमेंटच्या किंवा टर्फच्या छोट्या कोर्टवर फुटसाल खेळू द्या. तिथे चेंडू कमी उसळतो, जागा कमी मिळते आणि लवकर ठरवावंच लागतं.

प्रशिक्षकांशी बोलताना 'माझ्या मुलाला खेळवा' असं म्हणू नका. त्याला दोन-तीन सराव सामन्यांत बचावफळीच्या पुढे, एका पळणाऱ्या, चेंडू हिसकावणाऱ्या जोडीदारासोबत उभं करून पाहाल का, असं विचारा. ही विनंती कोणताही समजूतदार प्रशिक्षक सहसा नाकारत नाही आणि निकाल काय लागतो तो त्यालाही दिसतो.

आणि मुलासोबत तीन सामने पूर्ण पाहा: 2006 चा जर्मनीविरुद्धचा, 2012 चा इंग्लंडविरुद्धचा आणि 2010 चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा पराभव. पहिल्या वीस मिनिटांत चेंडूकडे लक्ष देऊ नका, फक्त पिर्लोकडे पाहा. चेंडू दुसऱ्याकडे असताना तो किती वेळा मान वळवतो ते मुलाला मोजायला सांगा. मग मुलाच्या पुढच्या सामन्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच वीस मिनिटांत त्याची मान किती वेळा वळते, ते त्याचं त्यालाच मोजू द्या.